थोरलीची यंत्रं, धाकटीचे पाहुणे

जावा-जावा, उभा दावा, ही म्हण ज्याने पहिल्यांदा उच्चारली त्याने या घरातल्या दोघींना पाहिलेलं नव्हतं. पाहिलं असतं तर नुसत्या 'उभा'वर त्याचं समाधान झालं नसतं. या दोघींचा दावा उभा होता, बसलेला होता, जिना चढत-उतरत होता आणि जेवायच्या टेबलावर मीठ पुढे सरकवतानाही चालू होता.

ही गोष्ट त्यातल्या धाकटीची. घरात तिला धाकटी म्हणत आणि कामावर नन्ना. घर आणि काम यांच्यात अंतर होतं एका जिन्याचं. वरच्या मजल्यावर सगळे राहत, खालच्या मजल्यावर सगळे राबत. सासऱ्यांचं पूर्वी टेलिफोनची यंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं. पुढे टेलिफोनची सद्दी संपली, तेव्हा त्यांनी त्याच जागेत मोठे संगणक आणून बसवले आणि लोकांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. दातांचा दवाखाना, एक छापखाना, औषधांची घाऊक वखार, दोन-तीन शाळा, अशी गिऱ्हाइकं. थोरला मुलगा गिऱ्हाईक धरून आणी. धाकटा तारा ओढी आणि फोनवर तक्रारी ऐकून घेई. आणि खरं काम करत त्या दोन सुना.

भाड्याने द्यायचे संगणक म्हणजे खरेखुरे नव्हेत. एका दणकट यंत्राच्या पोटात अनेक लटकी यंत्रं बसवलेली असतात. प्रत्येकाला वाटत असतं की आपण स्वतंत्र आहोत, आपली स्वतःची डिस्क आहे, स्वतःची मेमरी आहे, स्वतःचं नेटवर्क कार्ड आहे. यातलं काहीही त्याचं नसतं. सगळा देखावा मोठं यंत्र उभा करतं. इंग्रजीत मोठ्याला होस्ट आणि लटक्याला गेस्ट म्हणतात. सासऱ्यांनी ते ऐकलं आणि यजमान आणि पाहुणे म्हणायला सुरुवात केली. घरात तेच रूढ झालं. यजमान यंत्रं थोरलीच्या ताब्यात होती आणि पाहुणे धाकटीच्या.

थोरली या घरात आधी आली होती. रसायनशास्त्र शिकलेली, पण लग्नानंतर सासऱ्यांच्या बरोबरीने यंत्रं उघडून बसली आणि सगळं हाताने शिकली. यंत्राचा पंखा कुरकुरला तर वरच्या मजल्यावर भाजी चिरताना तिचा हात थांबे. धाकटी आली ती पदवी घेऊन आणि आधीच्या नोकरीतली एक कला घेऊन. ती कर्नल बांधायची.

सासऱ्यांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे गणवेशातला मिशाळ माणूस उभा राहिला. तो गैरसमज तिने दूर केला. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. डिस्क, मेमरी, तारा यांच्याशी तोच बोलतो, बाकीचे प्रोग्राम त्याच्या जिवावर जगतात. तयार कर्नल मिळतो, फुकट मिळतो, पण तो जगातल्या यच्चयावत वस्तूंची तयारी ठेवून येतो. कॅमेरे, प्रिंटर, खेळायच्या जॉयस्टिक, आता कुणाच्या माळ्यावरही सापडणार नाहीत अशा फ्लॉपी. लटक्या यंत्रात यातलं एकही नसतं. मग त्या तयारीचं ओझं त्याने का वाहावं? पाहुणा येताना पलंग डोक्यावर घेऊन येत नाही, असं धाकटी म्हणे. ती कर्नलचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, घेई, त्याची भलीमोठी प्रश्नावली उघडे आणि एकेका प्रश्नाला उत्तर देत बसे. हे हवं? नाही. ते हवं? नाही. उत्तरं तीनच असत: हो, नाही, आणि मॉड्यूल. मॉड्यूल म्हणजे आत नको, पण बाहेर बसवून ठेवा, लागलं तर बोलावू. धाकटीला हा तिसरा प्रकार मुळीच खपत नसे. घरात असशील तर आत ये, नसशील तर वाटेला लाग. दारात ताटकळणारे तिला आवडत नसत.

'नाही'साठी एन हे अक्षर दाबताना तिच्या की-बोर्डचा टक-टक आवाज येई. थोरली एकदा तिच्या मागून जाता जाता म्हणाली, नन्नाचा पाढा चाललाय वाटतं. तेव्हापासून धाकटीची नन्ना झाली. सासरेही म्हणू लागले, फोनवर गिऱ्हाईकही. धाकटीने हे नाव मनात ठेवलं. कोणी दिलं तेही ठेवलं.

पण दाव्याचं मूळ या नावात नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा तिला खाली काम करायला एक छोटी खोली मिळाली होती. उत्तरेची खिडकी, पडद्यावर ऊन येत नाही, दार लावलं की शांतता. पुढे ती काही दिवस माहेरी गेली. परत आली तर तिचं टेबल जिन्याखाली होतं, आणि खोलीत एक उंच लोखंडी मांडणी उभी होती आणि तिच्यात नवी यंत्रं घुरघुरत होती. मागची खोली तापते म्हणून थोरलीने ती यंत्रं इकडे हलवली होती. टेबल व्यवस्थित पुसून ठेवलं होतं. खण तसेच होते, पेन्सिलसुद्धा हललेली नव्हती. फक्त कोणी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी धाकटी भांडली असती तर प्रकरण आठवड्यात मिटलं असतं. पण ती भांडली नाही. जिन्याखाली बसली. वरून कोणी उतरलं की डोक्यावर धाडधाड आवाज होई, तो ऐकत बसली. आणि तिथून तिने थोरलीच्या प्रत्येक सूचनेला नाही म्हणायला सुरुवात केली.

त्यातली मोठी नाही होती फुग्याची. फुगा ही पाहुण्याच्या कर्नलमधली एक सोय असते. यजमानाला मेमरी कमी पडायला लागली की तो पाहुण्याला सांगतो, तुझ्याकडची थोडी दे. पाहुण्याच्या आत मग एक फुगा फुगतो, न वापरलेली मेमरी त्या फुग्यात अडकते आणि यजमानाला परत मिळते. थोरलीला हे हवं होतं. तिचं म्हणणं, तुझे पाहुणे साठेबाज आहेत, दवाखान्याच्या यंत्राला दिलेल्यातली अर्धीअधिक मेमरी दिवसभर रिकामी पडून असते. धाकटीचं म्हणणं, दिलेली वस्तू ज्याला दिली त्याची. परत मागायची होती तर दिली कशाला?

"मी यंत्राबद्दल बोलतेय," थोरली म्हणाली.

"मी पण," धाकटी म्हणाली, आणि फुग्याच्या प्रश्नापुढे तिने एन दाबलं.

त्यानंतर दोघींचं बोलणं बंद झालं. एका घरात, एका धंद्यात, बोलणं बंद. पण यंत्रांना त्याचं काय? त्यांची कामं थांबत नाहीत. मग धाकटीचा नवरा दोघींमधला टपालवाला झाला. तो मुळात गरीब स्वभावाचा. वहिनीचं ऐकून घेई, जिन्याशी येई, बायकोला सांगे, तिचं ऐकून घेई, परत जाई. वाटेत तो दोन्हीकडचे काटे काढून टाकायचा. "तिला म्हणावं अक्कल असेल तर" असं निघालेलं वाक्य "जमलं तर" होऊन पोचायचं. त्याला वाटे, आपण घर सांभाळतोय. आणि एका अर्थी तो सांभाळत होताही.

असं वर्षभर चाललं. त्या काळात धाकटीला एका गोष्टीचा फार राग यायचा. तिचे पाहुणे मधूनमधून कुथायला लागत. छापखान्याचं यंत्र अचानक मंद होई, पान उघडायला वेळ लावी, आणि आत पाहावं तर काही दिसत नसे. मेमरी भरपूर, काम थोडं, तरी यंत्र चिखलातून चालल्यासारखं. तिने कर्नल पुन्हा पुन्हा तासला. आणखी काढलं, आणखी हलका केला. फरक पडेना. नवऱ्याकरवी तिने यजमानांकडे काही होतंय का असं विचारलं. उत्तर आलं, इकडे सगळं ठीक आहे.

मग डिस्कचं प्रकरण झालं.

थोरलीने ठरवलं की पाहुण्यांना डिस्क दाखवायची पद्धत बदलायची. आतापर्यंत प्रत्येक डिस्क आपापल्या वेगळ्या दाराने आत यायची. नव्या पद्धतीत एकाच मोठ्या दाराने सगळ्या येणार होत्या. गिऱ्हाइकांनी पुसलेल्या फायलींची जागा त्यामुळे यजमानाला परत मिळणार होती. पद्धत चांगली होती, त्याबद्दल वाद नाही. फक्त त्या नव्या दाराची ओळख पाहुण्याच्या कर्नलला आधीपासून असावी लागते. प्रश्नावलीत तो एक प्रश्न असतो. धाकटीने कधीकाळी त्यालाही नाही म्हटलेलं होतं, कारण तेव्हा ते दार या घरात नव्हतंच.

थोरलीने दिराला बोलावून स्वच्छ सांगितलं की रविवारपासून डिस्क दुसऱ्या वाटेने येणार, तिला म्हणावं कर्नलमध्ये त्याची सोय करून ठेव. दीर तेव्हा कानाला फोन लावून होता. औषधांच्या वखारीतला माणूस त्याच्यावर तोंड टाकत होता. त्याने मान हलवली. वखारवाल्याची समजूत घालून तो जिन्याखाली पोचला तेव्हा निरोपातलं जे उरलं होतं ते त्याने सांगितलं.

"वहिनी रविवारी डिस्क बदलतायत."

"बदलू देत," धाकटी म्हणाली. डिस्क जुन्या होतात, बदलतात. त्यात तिला करण्यासारखं काही नव्हतं.

रविवारी सकाळी थोरलीने आधी एक पाहुणा चालवून पाहिला. ती वेडी नव्हती. पण तिने घेतला तो तिचा स्वतःचा चाचणीचा पाहुणा, आणि त्यात तयार कर्नल होता, सगळं सोबत बाळगणारा. तो झटकन उठला. मग तिने बाकीच्यांना बंद केलं, नव्या वाटेने डिस्क जोडल्या आणि सुरू केलं. एकही उठला नाही. प्रत्येकाच्या पडद्यावर तीच ओळ, की माझी मूळ डिस्क मला सापडत नाही, आणि त्याखाली कर्नलने हातपाय गाळल्याची खूण.

धाकटी वर केस विंचरत होती. थोरली जिना चढून आली आणि वर्षात पहिल्यांदा तिच्याशी समोरासमोर बोलली. बोलली कसली, तिने तोंडाचा पट्टाच सोडला. हे मुद्दाम केलंस, गिऱ्हाइकांच्या पोटावर पाय देतेस, सूड यंत्रांवर काढतेस. धाकटीनेही कंगवा खाली ठेवला आणि ऐकवलं. पाहुण्याच्या घराचं दार भिंतीत एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी बसवता आणि सांगत नाही, ही तुमची जुनीच खोड आहे.

"मी निरोप दिला होता," थोरली म्हणाली.

"मला मिळाला. डिस्क बदलतायत, एवढा."

दोघींनी एकाच वेळी धाकटीच्या नवऱ्याकडे पाहिलं. तो सोफ्याच्या कडेला बसला होता. त्याने पायमोजा अर्धा चढवला होता, तो तसाच राहिला.

थोरलीला सगळं पूर्ववत करायला दिवस गेला. प्रत्येक पाहुण्याची डिस्क काढायची, जुन्या वाटेने लावायची, तपासायची. वखार रविवारी उघडी असते. तिथला माणूस फोनवर जे बोलला ते सासऱ्यांनी स्वतः ऐकलं, कारण धाकट्या मुलाने फोन उचलणंच बंद केलं होतं. संध्याकाळी सासऱ्यांनी सगळ्यांना बसवलं. त्यांना ना डिस्कची दारं कळत होती ना फुगे. त्यांना इतकंच कळलं की तयार कर्नल चालला आणि सुनेने बांधलेले पडले.

"यापुढे कशालाही नाही म्हणायचं नाही," ते धाकटीला म्हणाले.

तिने ते शब्दशः घेतलं. दुसऱ्या दिवशी जिन्याखाली बसली आणि सगळ्या प्रश्नांना हो म्हणून टाकलं. सगळ्या म्हणजे सगळ्या. रेडिओ, कॅमेरे, जहाजांवरची उपकरणं, कुणा परदेशी विद्यापीठाने एकदाच बनवलेलं एखादं यंत्र, कर्नलची स्वतःची परीक्षा घेणाऱ्या सोयी, त्या एकमेकींच्या पायात येणाऱ्या, सगळ्या आत. हे बांधायला तिने थोरलीचंच यजमान यंत्र वापरलं. त्याचे पंखे असे किंचाळले की थोरली दोनदा बाहेर येऊन बघून गेली. बोलली नाही. जे तयार झालं ते एखाद्या बैलासारखं होतं, आणि धाकटीने ते सासऱ्यांच्या स्वतःच्या पाहुण्यात बसवलं, ज्यात त्यांचे हिशेब असायचे. तो उठलाच नाही.

सासऱ्यांनी तिला हाक मारली. ती गेली, आणि तयार ठेवलेलं वाक्य म्हणाली की बाबा, तुम्हीच सांगितलंत.

ते ओरडले असते तर तिला आवडलं असतं. ते ओरडले नाहीत. खुर्चीतून उठताना म्हणाले, "मी म्हातारा झालोय, मूर्ख नाही. जेवायला जातो." आणि गेले. धाकटी त्या काळ्या पडद्यासमोर उभी राहिली. तिला लाज वाटली. पण ती लाज तिने रागात कालवून टाकली, कारण रागाची तिला सवय होती. जुना कर्नल तिने परत बसवला, हिशेब जागेवर असल्याची खात्री केली, आणि नवऱ्याला बोलावलं.

तिने ठरवलं होतं की दोन्ही दारं ओळखणारा कर्नल बांधायचा आणि प्रकरण संपवायचं. जुनं दार हो, नवं दार हो, बाकी पूर्वीसारखं नाही. वहिनीला एवढं सांगून ये, असं ती नवऱ्याला म्हणाली.

"मी नाही जाणार," तो म्हणाला.

तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"मी आता निरोप नेणार नाही. तिचे तुला नाही, तुझे तिला नाही. त्या दिवशी तुम्ही दोघींनी माझ्याकडे असं पाहिलंत, जणू डिस्क मीच गिळली." तो जागचा हलला नाही. "मी वर्षभर तुमच्या शिव्या गाळून देतोय. गाळता गाळता कामाचंही गाळलं गेलं. एक जिना आहे. चढा दोघी."

हा माणूस लग्नानंतर पहिल्यांदा नाही म्हणाला होता, आणि तेही ज्या बाईचं नावच नन्ना होतं तिला.

अशा रीतीने त्या दोघी एका दुपारी वरच्या जेवायच्या टेबलाशी बसल्या. खालच्या यंत्रांच्या खोलीत बसायला धाकटी तयार नव्हती, आणि जिन्याखाली थोरलीची खुर्ची मावली नसती. लॅपटॉप मध्ये ठेवला. थोरलीने शेजारी बसताना खुर्ची जरा लांब ओढली. धाकटीने पडदा आपल्याकडे वळवला, थोरलीने तो परत सरळ केला. सासरे आतल्या खोलीत वर्तमानपत्र उघडून बसले होते. पान उलटल्याचा आवाज येत नव्हता.

प्रश्न एकेक करून निघाले. डिस्कच्या दोन्ही दारांना हो, यात भांडण नव्हतं. नेटवर्कला हो. यजमानाच्या घड्याळावरून वेळ घेण्याची सोय होती, तिला हो. मग एका साध्या कन्सोलवर खडाजंगी झाली. पाहुणा उठेनासा झाला तर त्याचं सगळं कण्हणं पहिल्यापासून जिथून ऐकू येतं तो कन्सोल धाकटीने काढला होता, आणि त्यामुळेच रविवारी थोरलीला पडद्यावरच्या त्या शेवटच्या ओळीपलीकडे अंधारात चाचपडावं लागलं होतं. यावर दहा वाक्यं इकडून, दहा तिकडून. कन्सोलला हो मिळालं, पण धाकटीने कळ दाबली ती दात काढल्यासारखी.

मग फुगा आला.

"नाही," धाकटी म्हणाली. तिचं बोट कळीवर होतंच.

थोरलीने तिच्या बोटाकडे पाहिलं. "तू नाही म्हणतेस म्हणून मी घेत नाही असं वाटतं तुला?"

"म्हणजे?"

मग थोरलीने सांगितलं. रागाने नाही, जरा आनंदानेच, की बघ तुला एवढंही ठाऊक नव्हतं. यजमानाला मेमरी कमी पडली की तो कुठून तरी घेणारच. फुगा असेल तर तो पाहुण्याला विचारतो, आणि पाहुणा आपल्याला नको असलेली काढून देतो. फुगा नसेल तर यजमान विचारत नाही. पाहुण्याच्या मेमरीतलं जे हाताला लागेल ते उचलून डिस्कवर नेऊन टाकतो. पाहुण्याला पत्ताही नसतो. तो आपली वस्तू घ्यायला जातो आणि ती जागेवर नसते. ती डिस्कवरून परत येईपर्यंत तो खोळंबतो.

छापखान्याचं यंत्र चिखलातून का चालत होतं ते धाकटीला त्या क्षणी कळलं. ती वर्षभर कर्नल तासत होती. तिच्या नाही म्हणण्याने घेणं थांबलंच नव्हतं. फक्त विचारणं थांबलं होतं.

"मी विचारलं होतं, यजमानाकडे काही होतंय का. तुम्ही सांगितलंत सगळं ठीक."

"यजमान ठीकच होता."

 धाकटीचे कान तापले होते. मग ती जे बोलली त्याचा कर्नलशी संबंध नव्हता, किंवा होता.

"माझी खोली घेतलीत तेव्हाही तसंच केलंत."

"हो, घेतली," थोरली म्हणाली. "मागे यंत्रं तापून बंद पडत होती. तुझं टेबल कुठेही चाललं असतं. यंत्रं कुठेही चालली नसती."

"मला विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते."

"मग?"

"मग माझं नाही ऐकून घ्यायचं होतं जाऊबाई, आणि नंतर घ्यायची होती. भांडून घ्यायची होती. मी माहेरी गेल्यावर नाही."

 माफी वगैरे थोरलीने मागितली नाही. ती मागणाऱ्यातली नव्हती, आणि धाकटी देणाऱ्यातली नव्हती. आत वर्तमानपत्राचं एक पान उलटलं गेलं.

धाकटीने बोट कळीवरून उचललं. ती म्हणाली की फुग्याला मी हो म्हणेन, पण तुमच्यावर भरवसा बसला म्हणून नाही. फुगा असला म्हणजे किती घेतलंत ते मला पाहुण्याच्या आतून दिसेल. आणि प्रत्येक पाहुण्यापाशी किमान किती उरलंच पाहिजे तो आकडा मी ठरवणार, तुम्ही तो यजमानाच्या सेटिंगमध्ये घालायचा, आणि मी येऊन बघणार. थोरली म्हणाली, दवाखान्याचा आकडा तू जास्त लावशील. धाकटी म्हणाली, लावणारच. त्यावर पुन्हा जुंपली. उन्हं कलली तेव्हा आकडे ठरले, दोघींनाही ते पसंत नव्हते. फुग्यापुढे हो लागलं.

नवा कर्नल चालला. पुढच्या रविवारी थोरलीने डिस्क नव्या वाटेने लावल्या. या वेळी धाकटी मागे हात बांधून उभी होती आणि पाहुणे एकामागून एक उठले. कोणी कोणाला शाबासकी दिली नाही. छापखान्याचं यंत्र झरझर चालायला लागलं आणि छापखानेवाल्याने फोन करून धाकट्या मुलाचे आभार मानले. त्याने यातलं काहीच केलेलं नव्हतं, पण त्याने ते ठेवून घेतले.

यानंतर दोघी गुण्यागोविंदाने नांदल्या असं कोणाला वाटत असेल तर त्याला जावा माहीत नाहीत. काही महिन्यांनी थोरलीने एका पाहुण्याची किमान पातळी गुपचूप खाली ओढली. धाकटीला आतून ते दिसलं. ती तडक खोलीच्या दारात गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली की आकडा वर करा. थोरलीने केला, आणि रात्रीच्या जेवणात धाकटीला वाढायची विसरली. पुढे धाकटीने नवऱ्यासह रस्त्यापलीकडे भाड्याने जागा घेतली, चूल वेगळी झाली. सामान हलवताना थोरलीने कपाटाची दोन टोकं धरायला माणसं दिली, स्वतः खाली आली नाही. लोक म्हणाले, आता धंदाही फुटणार. तो फुटला नाही. धाकटी रोज सकाळी रस्ता ओलांडून यायची, जिन्याखाली बसायची. दोन ठिकाणांहून तिला बोलावणी आली, चांगली, मोठ्या ठिकाणची. तिथे तयार कर्नल वापरतात असं कळल्यावर तिने त्यांनाही एन दाबलं.

आणि कर्नलची नवी आवृत्ती आली की दोघी त्या टेबलाशी बसत. जुनी उत्तरं कायम राहत, फक्त नव्याने आलेले प्रश्न विचारले जात. ते थोडेच असत, पण दुपार पुरत नसे. बोलणं फक्त तेवढंच. सणावाराला नाही, आजारपणात नाही, फक्त हे. सासरे गेले त्या वर्षीसुद्धा त्या बसल्या, आणि आतल्या खोलीत कोणी ऐकणारं नसताना तितक्याच मोठ्या आवाजात भांडल्या.

परवा थोरलीच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. डोळ्यावर हिरवी पट्टी होती आणि डॉक्टरने पडदा पाहायचा नाही अशी ताकीद दिली होती. नवी आवृत्ती नेमकी तेव्हाच आली. धाकटीला एकटीने उत्तरं देता आली असती, अडवणारं कोणी नव्हतं. ती लॅपटॉप घेऊन जिना चढली. थोरली पट्टीखालून म्हणाली, आलीस? ठराव करून आली असशील सगळ्याला नाही म्हणायचं. धाकटी म्हणाली की अजून ठरवलं नाही, आणि प्रश्न वाचायला लागली. ती भराभर वाचत होती, मुद्दाम, एका श्वासात दोन-दोन ओळी.

"सावकाश वाच," थोरली म्हणाली.

"जमणार नाही."

पण प्रश्न संपल्यावर तिने तो पुन्हा पहिल्यापासून वाचला, तितक्याच वेगाने, आणि थोरलीच्या उत्तराची वाट पाहत बसली. थोरली म्हणाली, हो. धाकटी म्हणाली, का? आणि मग त्यांची जुंपली.